आखाड, श्रावण आणि शुगरचा रिपोर्ट: ताटातलं नेमकं काय बदलायचं?

उत्तरेश्वरची_लेक

नमस्कार मंडळी. आखाड चालू आहे, घरोघरी मटणाचे बेत शिजतायत आणि मी हा धागा काढतेय, म्हणून आधीच हात जोडते.

माहेरी वडिलांची बायपास झालीय. मोठ्या भावाला चाळिशीत शुगर निघाली. आता माझं एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ६.१ आलंय. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही, पण ५.७ ते ६.४ म्हणजे त्याच्या आधीची पायरी. गोळी दिली नाही. खाणं बदला, चाला, तीन महिन्यांनी या, एवढंच सांगितलं. खाणं बदला म्हणजे काय, हे विचारायला सवड नव्हती, बाहेर पेशंटची रांग लागलेली.

तेवढ्यात नणंदेनं एका ग्रुपवर घातलं. तिथं सांगतात की प्राण्यापासून आलेलं सगळं बंद करा. मटण, अंडी, मासे तर नाहीतच, दूध-दही-तूपसुद्धा नको. धान्य, कडधान्य, भाज्या, फळं, शेंगदाणे-बदाम यांवर राहा, शुगर-बीपी-हार्ट सगळं टळतं म्हणे. आमच्याकडं बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटणाचे ठरलेले वार आहेत. सासऱ्यांना ही कल्पना सांगितली तर ते जेवायचे थांबले आणि म्हणाले, "मग कोल्हापुरात ऱ्हायचं कशाला?"

मला श्रावण पाळायची सवय आहे, तो लांबवणं जमेल. पण शेजारच्या घरात तीन पिढ्यांत कुणी अंड्याला हात लावलेला नाही आणि तिथं दोघांना शुगर आहे. मग नुसतं मटण सोडून काय होणार? झाडा-पानांवरच्या खाण्यानं हे आजार खरंच टळतात का, आणि टळत असतील तर आपल्या ताटात ते बसवायचं कसं? ज्यांनी केलंय त्यांनी लिहा.

नाद_खुळा

ताई, रविवारी दुपारी असला धागा? शेजारनं पांढऱ्या रश्श्याचा वास येतोय आणि मी हे वाचतोय. सोमवारी सविस्तर लिहितो.

शिरोळ_शिवार

तुमच्या शेजाऱ्यांबद्दल मी सांगते, कारण आमचंच घर तसं आहे. आम्ही जैन, शिरोळ तालुक्यातले शेतकरी. मांस-अंडं घरात नाहीच, चातुर्मासात कंदमुळंसुद्धा नाहीत, सूर्य मावळायच्या आत जेवण. तरी वडील, काका आणि थोरली आत्या, तिघांनाही शुगर. काकांना बीपी वेगळं.

आजी ब्याण्णव वर्षं जगली, शेवटपर्यंत गोळी नव्हती. तिच्या ताटात काय असायचं ते मी पाहिलंय. ज्वारीची भाकरी, आंबाडी नाहीतर माठ, आमटी घट्ट, आणि आठवड्यातून एकदा तरी हुलग्याचे शेंगोळे. लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण घालून हुलग्याचं पीठ मळायचं, बोटाएवढ्या वळ्या वळायच्या आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायच्या. पीठ सुटून ते पाणीच दाट होतं, तेच कालवण. त्या एका ताटलीत डाळीचा भाग भाकरीपेक्षा जास्त असायचा.

मग पाणी आलं, ऊस आला. शिवारातली ज्वारी गेली, बांधावरचा पावटा-तूर गेली. आता आमच्या घरी दोन्ही वेळा चपाती आणि भात, भाजी चवीपुरती, आमटी पातळ. दिवसातून चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. उपवासाला साबुदाणा. पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जायचं, येताना बासुंदी आणायची. हे सगळं शुद्ध शाकाहारीच आहे की. आजीचं खाणंही शाकाहारी आणि वडिलांचंही शाकाहारी, पण दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक. आणि आजी दिवसभर शेतात वाकलेली असायची, हेही विसरून चालणार नाही.

पुरावा_दाखवा

वरचा प्रतिसाद पटला, पण एका आजीवरून सिद्ध काही होत नाही. माझे आजोबा रोज विडी ओढून नव्वदीपर्यंत गेले.

शिरोळ_शिवार

@पुरावा_दाखवा, मान्य. मी कारण सिद्ध करत नाही, शाकाहारी घरात शुगर कशी शिरली याचं उत्तर देतेय.

ओपीडी_नंतर

मी फिजिशियन आहे, कोल्हापुरातच प्रॅक्टिस करतो. माझ्याकडं हा प्रश्न रोज येतो, पण ओपीडीत इतकं बोलायला मिळत नाही, म्हणून इथं लिहितो.

आधी आवाका बघा. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या इंडियाब या मधुमेह पाहणीचे देशभराचे आकडे २०२३ मध्ये आले: १०.१ कोटी लोकांना मधुमेह, १३.६ कोटी तुमच्यासारखे उंबरठ्यावर, आणि साधारण तीनातल्या एका प्रौढाला उच्च रक्तदाब. मटण रोज खाणारे या देशात फार थोडे आहेत. त्यामुळं एवढ्या मधुमेहाचं खापर मटणावर फोडता येत नाही. त्याच पाहणीतून खाण्याचं जे चित्र पुढं आलं त्यात आपल्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. पांढरा भात, दळलेला गहू, साखर. डाळ आणि भाजी कोपऱ्यात.

दुसरी गोष्ट. अमेरिकेत परिचारिका आणि डॉक्टर अशा दोन लाखांवर लोकांचा वीस वर्षांहून जास्त पाठपुरावा केलेला अभ्यास आहे. अंबिका सतीजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये तो मांडला. त्यांनी वनस्पतींच्या खाण्याचे दोन गट केले. एका गटात अख्खं धान्य, कडधान्य, भाज्या, फळं, दाणे. दुसऱ्यात मैदा, पॉलिश केलेला भात, बटाटा, गोड पेयं, मिठाई. पहिल्या तऱ्हेनं खाणाऱ्यांत मधुमेहाचं प्रमाण सुमारे ३४ टक्के कमी. पुढच्या वर्षी त्यांनी हृदयविकाराचं पाहिलं. पहिल्या तऱ्हेला धोका २५ टक्के कमी, दुसऱ्या तऱ्हेला ३२ टक्के जास्त! दोन्ही गटांचं खाणं झाडावरूनच आलेलं.

असं का होतं? अख्ख्या धान्या-कडधान्यातला चोथा साखर रक्तात हळू सोडतो. उरलेला चोथा मोठ्या आतड्यातले जिवाणू खातात आणि त्यातून जी आम्लं तयार होतात ती इन्शुलिनच्या कामाला मदत करतात. तूप-लोणी-चरबीतली संपृक्त चरबी कमी झाली की एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरतं. भाज्या-फळांतलं पोटॅशियम मिठाचा परिणाम काहीसा झेलतं, म्हणून बीपीला फायदा. आणि पोट लवकर भरतं, वजन आटोक्यात राहतं.

आपल्याकडं वजनाचं आणखी एक कोडं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच उदाहरणं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. काटकुळे दिसणारे आपण आतून तसे नसतो. "मी कुठं जाड आहे?" असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तालमीतला_गडी

डॉक्टर, सगळं वाचलं, पन आमच्यासारख्यांनी काय करायचं? आमी तालमीत वाढलो. पहाटं जोर-बैठका, बदामाची थंडाई, मटण, रात्री गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध. त्याच्यावर अंग उभं ऱ्हायलं. डाळ खाऊन खासबागेच्या कुस्ती मैदानात कोन उतरनार? प्रोटीन कुठनं आननार?

नाद_खुळा

@तालमीतला_गडी, पैलवान बोलला बघा. +१००

डाळ_रांधणारी

पैलवान दादा, मी आहारतज्ज्ञ आहे, प्रोटीनचा हिशोब मी देते.

साध्या माणसाला आयसीएमआरच्या शिफारशीनुसार किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम लागतं. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. आखाड्यात उतरणाऱ्याला यापेक्षा बरंच जास्त लागतं, ते खरंच. आता डाळी-कडधान्यांत शंभर ग्रॅमला २२ ते २४ ग्रॅम, शेंगदाण्यात २५ च्या आसपास, सोयाबीनमध्ये ३६ च्या वर. सोयाबीन आपल्याच जिल्ह्यात पिकतं आणि आपण ते विकून टाकतो.

अडचण प्रोटीनच्या अभावाची नाही, वाटीच्या आकाराची आहे. बहुतेक घरांत माणशी एक मूठही कोरडी डाळ पडत नाही. तीस ग्रॅम मटकी भिजवून केलेली उसळ खाल्ली तर सातेक ग्रॅम मिळालं. सकाळी उसळ, संध्याकाळी घट्ट आमटी, मधे भाजलेले शेंगदाणे-फुटाणे, भाकरीबरोबर जवसाची किंवा कारळ्याची चटणी, आणि भाकरीतलंही धरायचं, म्हणजे पन्नास सहज होतात. धान्यात जे अमिनो आम्ल कमी असतं ते कडधान्यात असतं आणि कडधान्यात कमी असलेलं धान्यात. भाकरी आणि उसळ ही जोडी म्हणून पुरी पडते. दोन्ही एकाच घासात पाहिजेत असंही नाही, दिवसभरात आलं की झालं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. देशातल्या आजारांच्या ओझ्यापैकी ५६.४ टक्के चुकीच्या आहाराशी निगडित आहे असं त्यात म्हटलंय. त्यांनी काढलेल्या ताटात निम्मी जागा भाज्या आणि फळांना दिलीय. उरलेल्या अर्ध्यात धान्य, डाळी, दूध, दाणे. आपल्याकडं नेमकं उलटं असतं. ताटभर भात आणि कडेला बोटभर भाजी. माझ्याकडं येणाऱ्यांना मी एवढंच सांगते की आधी ताटात भाजी आणि उसळ वाढून घ्या, मग भाकरी, आणि भात सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेत.

मंगळवारपेठेतल्या_काकू

अगं लेकी, सासऱ्यांचं मी सांगते, कारण आमच्या घरी हे होऊन गेलंय. यांना हार्टचं निघाल्यावर वारांपैकी शुक्रवार पहिला काढला, मग बुधवार. रविवार ठेवला. ठेवला म्हणूनच बाकीचं टिकलं.

बुधवारी मटणाच्या जागी अख्खा मसूर. त्याला मटणाचाच मसाला घालायचा, कांदा-लसूण चटणी घरची. कांदा, सुकं खोबरं, तीळ, धणे भाजून वाटायचं, मात्र खोबरं निम्मं आणि त्या जागी तीळ. मसूर शिजवताना पूर्ण मोडू द्यायचा नाही, दाणा अख्खा दिसला पाहिजे. फोडणीत तेल पळीनं न ओतता चमच्यानं मोजून. वर तवंग येत नाही म्हणून पहिल्यांदा हे कुरकुरले. मी थोडी काश्मिरी मिरची पूड गरम तेलात विस्तव बंद करून घातली, रंग आला. भाकरी कुस्करून खाल्ली आणि वर वाटी मागितली.

मिसळीचंही तसंच. उसळ भरपूर, फरसाण चिमूटभर, ब्रेडऐवजी भाकरीचा तुकडा. कट हवा तर वेगळ्या वाटीत घ्यावा, ताटलीत ओतू नये.

गावाबाहेरचा_कोल्हापूरकर

काकू, मिसळीबरोबर भाकरी?? मी बंगळुरात बसून हळहळतोय.

मंगळवारपेठेतल्या_काकू

येशील तेव्हा ये घरी. खाल्ल्यावर बोल.

पुरावा_दाखवा

आता थोडा विरोधी सूर लावतो, कारण धागा एकाच दिशेनं चाललाय.

डॉक्टरांनी दिलेले अभ्यास निरीक्षणाचे आहेत. जो भाजी जास्त खातो तो बहुधा सिगारेट कमी ओढतो, चालतो, तपासण्या करून घेतो. अमेरिकेतल्या ॲडव्हेंटिस्ट पंथाचे आकडे सगळे ग्रुपवर फिरवतात: पूर्ण वनस्पतीजन्य खाणाऱ्यांत मधुमेह २.९ टक्के, मांस खाणाऱ्यांत ७.६. पण त्या पंथात दारू-तंबाखू मुळातच वर्ज्य आहे. डीन ऑर्निश यांच्या १९९० च्या प्रयोगात हृदयाच्या रक्तवाहिन्यांमधले अडथळे थोडे कमी झाले, हेही खरं. पण त्यांनी खाण्याबरोबर व्यायाम, धूम्रपान सोडणं, मनावरचा ताण कमी करणं हे सगळं एकत्र केलं होतं आणि माणसं पन्नाससुद्धा नव्हती. यातलं श्रेय कशाला द्यायचं?

शिवाय इंग्लंडच्या एपिक-ऑक्सफर्ड या पाठपुराव्याच्या अभ्यासाच्या २०१९ च्या निष्कर्षांत शाकाहाऱ्यांना हृदयविकार २२ टक्के कमी निघाला, पण पक्षाघात २० टक्के जास्त. हे ग्रुपवर कुणी सांगत नाही.

ओपीडी_नंतर

@पुरावा_दाखवा, तुमचे मुद्दे बरोबर आहेत आणि ते इथं यायलाच हवे होते. एपिक-ऑक्सफर्डचा तोच निकाल दुसऱ्या भाषेत सांगतो: हजार माणसांमागे दहा वर्षांत हृदयविकाराचे दहा रुग्ण कमी आणि पक्षाघाताचे तीन जास्त. दोन्ही खरं. पक्षाघात का वाढला यावर एकमत नाही. बी-१२ आणि इतर काही घटकांची कमतरता हा एक अंदाज आहे.

मात्र निरीक्षणापलीकडचा, आपल्याच लोकांवर केलेला प्रयोगही आहे. चेन्नईचा इंडियन डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम, २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या आधीच्या पायरीवरची ५३१ माणसं. काहींना फक्त नेहमीचा सल्ला, काहींना खाणं आणि चालणं यांत नीट मदत: साखर आणि दळलेलं-पॉलिश केलेलं धान्य कमी, तेल-तूप कमी, चोथ्याचं खाणं जास्त, रोज अर्धा तास चालणं. तीन वर्षांत पहिल्या गटात ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, दुसऱ्यात ३९.३ टक्के. कुणालाही मांसाहार सोडायची सक्ती नव्हती. धागाकर्त्या ताईंची स्थिती नेमकी या लोकांसारखी आहे, म्हणून मला हा प्रयोग त्यांच्यासाठी सगळ्यात कामाचा वाटतो.

उत्तरेश्वरची_लेक

डॉक्टर, हे वाचून धीर आला. मग मटणाचं काय समजायचं? थोडं चालतं की अजिबात नको?

ओपीडी_नंतर

बोकडाचं मटण लाल मांसातच मोडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये सॉसेज, सलामी, बेकन यांसारखं टिकवलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, म्हणजे कर्करोगाशी संबंध पक्का. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. लाल मांस त्याखालच्या गटात, म्हणजे संबंध संभवनीय. ही वर्गवारी पुरावा किती पक्का ते सांगते, धोका किती मोठा ते सांगत नाही.

आपल्या रविवारच्या मटणात धोका फोडींपेक्षा आजूबाजूला जास्त असतो. तवंगाचं तेल, ओल्या नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा वाट्यांवर वाट्या, आणि रस्सा संपवायला ओढलेला दोन-तीन वाढप भात. आठवड्यातून एकदा, चार फोडी, एक वाटी रस्सा, भात अर्धा आणि शेजारी मोठी वाटी कोशिंबीर, असं असेल तर मी माझ्या पेशंटला थांबवत नाही. वडिलांची बायपास झालीय, त्यांच्यासाठी मात्र आणखी आखडतं घ्या आणि त्यांच्या कार्डिऑलॉजिस्टला विचारा.

शाहूपुरी_गूळ

आमचा गुळाचा धंदा, म्हणून राहवत नाही. साखरेला सगळे नावं ठेवतात ते ठीक, पण चहात गूळ घातला तर चालतो ना? कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे. लोह असतं त्यात.

डाळ_रांधणारी

दादा, गूळ उत्तम, चव उत्तम, आणि लोहही थोडं असतं. पण त्यातला बहुतेक भाग साखरच आहे आणि शुगर असलेल्याच्या रक्तात तो साखरेसारखाच चढतो. निरोगी माणसानं शेंगदाण्याबरोबर खडा खावा. "गूळ आहे, चालतो" म्हणत चार चहा प्यायचे असतील तर काही उपयोग नाही. उसाच्या रसाचं आणि काकवीचंही तेच.

शाहूपुरी_गूळ

पटत नाही पूर्ण, पण घरात आईला शुगर आहे, तिचा चहा बघतो.

करवीर_७२

माझं जरा लांबेल, पण हे वाचल्याशिवाय कुणी दूध-दही बंद करू नका.

आई सत्तरीची, मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू. एका शिबिरातून ती ठरवून आली की प्राण्यांचं काही नको. दूध, ताक, सगळं बंद. सुरुवातीला छान वाटलं. वजन उतरलं, शुगर उतरली, गोळी निम्मी झाली. आम्ही चार जणांना सांगत सुटलो. वर्ष-दीड वर्षानं तळपायांना मुंग्या यायला लागल्या. आम्हाला वाटलं शुगरमुळं. मग चालताना तोल जायला लागला. अंधारात न्हाणीघरात जाताना भिंत धरायची. चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही. विसरायलाही लागली. न्यूरॉलॉजिस्टनं पहिल्यांदा बी-१२ तपासलं, ते तळाला गेलेलं. इंजेक्शनं सुरू झाली. तोल बराच सुधारला, पायांचा बधिरपणा पूर्ण गेला नाही.

बी-१२ जिवाणू तयार करतात आणि आपल्याला ते प्राण्यांकडून आलेल्या पदार्थांतूनच मिळतं. पालेभाजीत, डाळीत ते नसतं. मेटफॉर्मिननं त्याचं शोषण आणखी कमी होतं. शिबिरात हे एका वाक्यात सांगता आलं असतं! आई अजूनही मांस-मासे खात नाही, भाज्या-कडधान्य तसंच चालू आहे, त्याचा तिला फायदा झालाच. पण आता एक वाटी दही आणि डॉक्टरांनी दिलेली बी-१२ ची गोळी, यात खंड नाही.

ओपीडी_नंतर

@करवीर_७२, हे लिहिलंत फार बरं केलंत. याज्ञिकांच्याच गटानं पुण्यातल्या पुरुषांची तपासणी केली होती, त्यात दोनतृतीयांश लोकांचं बी-१२ कमी निघालं, आणि शाकाहाऱ्यांत धोका चौपटीहून जास्त. म्हणजे दूध पिणारेही सुटत नाहीत. पूर्ण वनस्पतीजन्य खाणाऱ्यानं पूरक गोळी घेतलीच पाहिजे, यात दुसरं मत नाही. मेटफॉर्मिन चालू असेल तर अधूनमधून तपासून घ्या.

दुसरं, शुगरच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना भात-चपाती एकदम तोडली तर साखर खाली कोसळू शकते. खाणं बदलायच्या आधी डॉक्टरांना सांगा. आईंची गोळी कमी झाली ती अशीच, देखरेखीखाली व्हायला हवी.

किडनीवाली_वहिनी

यात माझीही भर. आमच्या ह्यांची किडनी अर्धी काम करते. त्यांना पालेभाजी, शहाळं, टोमॅटो, केळं सगळं मोजून, कारण पोटॅशियम साठतं. स्टारफ्रूट तर किडनीच्या पेशंटला विषासारखं. "भाज्या खा, फळं खा" हा सल्ला प्रत्येकाला लागू होत नाही. रक्त पातळ करायची वॉरफरिन गोळी असणाऱ्यांनीही पालेभाजी अचानक वाढवू नये, असं आम्हाला वॉर्डात सांगितलं होतं.

राजारामपुरी_नववी_गल्ली

सगळे बोलतायत भाजी खा, पालेभाजी खा. निवडायची कोणी? सात वाजता ऑफिसातून येऊन मेथीची जुडी घेऊन बसायचं, मग भाकऱ्या थापायच्या. चपाती-बटाटा अर्ध्या तासात होतो म्हणून तो होतो. या धाग्यावर जेवढे पुरुष आहेत त्यांनी सांगा, तुम्ही आठवड्यात किती जुड्या निवडता?

नाद_खुळा

(शांतता.)

गावाबाहेरचा_कोल्हापूरकर

प्रश्न रास्त आहे. आमच्याकडं रविवारी सकाळी मी आणि मुलगा भाजी निवडतो. न धुता कोरड्या कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये, तीन-चार दिवस टिकते. मटकी, मूग, चवळी आलटून-पालटून मीच भिजत घालतो, मोड आले की डब्यात. बायको फक्त फोडणी देते, कधी तीही मीच. भाकरी मला येत नाही, ती अजून तिच्याच गळ्यात आहे.

राजारामपुरी_नववी_गल्ली

हे आवडलं. बाकीच्यांनी स्क्रीनशॉट काढून घरी चिकटवावा.

शिरोळ_शिवार

@राजारामपुरी, शंभर टक्के. आजीच्या ताटाचं कौतुक मीच केलं, पण ते ताट उभं करायला घरातल्या चार बायका दिवसभर राबायच्या हे लिहायचं राहिलं.

मंगळवारपेठेतल्या_काकू

आता पावसाळी भाज्या आल्यात बघा. कपिलतीर्थ मंडईत सकाळी लवकर गेलं की गगनबावड्याकडच्या, पन्हाळ्याकडच्या बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, अळू, करटुली. टाकळा कोवळा घ्यावा, हरभऱ्याची डाळ भिजवून त्यात घालावी, लसणाची फोडणी. निवडायला वेळ लागत नाही, आणि श्रावणात रोज वेगळी भाजी होते. खिचडीवर उपवास सोडण्यापेक्षा हे बरं.

बीपीची_गोळी

मिठाचं कुणीच काही बोललं नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचा, आणि त्यात सगळं आलं. आपली कांदा-लसूण चटणी, खर्डा, लोणचं, पापड, शेव, सगळं झाडापासूनचं आणि सगळं खारट. मी मांसाहार करत नाही, तरी बीपी १५० वर होतं. लोणचं-पापड थांबवून, भाकरीच्या पिठातलं मीठ काढून आणि गोळी घेऊन १३० ला आलं. भाकरीला मीठ लागत नाही, हे दोन आठवड्यांत जिभेला कळतं.

उत्तरेश्वरची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री घरी सगळे प्रतिसाद मोठ्यानं वाचले. सासऱ्यांनी काकूंचा अख्खा मसूर दोनदा वाचायला लावला.

आमचं ठरलं ते असं. रविवार राहणार, पण रस्सा एक वाटी आणि भात शेवटी. बुधवार-शुक्रवार उसळ नाहीतर मसूर. रात्री भात बंद, ज्वारीची भाकरी. दूध-दही ठेवतोय, तूप चमचाभर. चहा दोन आणि साखर अर्धी, ही अट मीच मला घातलीय आणि सगळ्यात जड तीच जाणार. बी-१२ माझं आणि नवऱ्याचं, दोघांचं तपासणार. वडिलांचं त्यांच्या डॉक्टरांना विचारून. भाजी निवडायचं काम नवऱ्यानं आणि सासऱ्यांनी वाटून घेतलंय. नणंदेच्या ग्रुपमधून बाहेर पडले नाही, तिथं हा धागा टाकला.

पुरावा_दाखवा

यात माझ्याकडून विरोध नाही. तीन महिन्यांनी आकडा इथं टाका, चढला तरी टाका.

ओपीडी_नंतर

ठरवलंय ते व्यवस्थित आहे. त्यात जेवणानंतरचं चालणं घाला. रंकाळ्याला फेरी मारलीत तर उत्तम, नाहीतर गच्चीवर दहा-पंधरा मिनिटं.

तालमीतला_गडी

डॉक्टर, एक इचारू का? कुस्ती सुटून पंधरा वर्सं झाली. खुराक तसाच चालू हाय, मेहनत न्हाई. रातचं दूध बी तसंच. आजवर कदी रक्त तपासलेलं न्हाई. काय तरास न्हाई तसा, फक्त रातचं तीन-चारदा उठावं लागतंय लघवीला.

ओपीडी_नंतर

पैलवान, तपासा. उशीर करू नका. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर, एचबीए१सी, कोलेस्टेरॉल, किडनीसाठी क्रिएटिनिन, लघवी, आणि बीपी मोजून घ्या. कमरेला टेप लावा. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर असेल तर ते अंगावरचं मांस नाही, पोटातली चरबी आहे.

तालमीतला_गडी

टेप लावली. सांगत न्हाई किती. उद्या सकाळी जातो. जाताना च्या घेतला तर चालतोय का?

ओपीडी_नंतर

नाही. रात्री दहानंतर काही खायचं-प्यायचं नाही, गंगावेशीतलं दूधही नाही. नुसतं पाणी चालेल. रिपोर्ट घेऊन या.